बुर्गलची धार

इन्सब्रुकच्या वरच्या डोंगरातल्या आमच्या इनरलान गावात माणूस गावचा की पाहुणा, हे ओळखायचं असेल तर त्याच्या अंगठ्याचं नख बघावं. गावच्या माणसाच्या नखावर बारीक आडवे ओरखडे असतात. कुणाचीही स्की भिंतीला टेकलेली दिसली की आमचा हात आपोआप तिच्या पोलादी कडेकडे जातो. नख कडेवर आडवं ओढायचं. पांढरा कीस निघाला तर धार आहे. नाही निघाला तर काही बोलायचं नाही, फक्त मालकाकडे बघून थोडंसं हसायचं. सवय वाईट आहे, पण आमच्या पाद्रीबुवांनाही आहे. कुणाची बायको कुणाबरोबर जास्त वेळ नाचली हे आम्ही चार दिवसांत विसरतो. कुणाची धार बोथट होती हे मात्र चाळीस वर्षं विसरत नाही.

फक्त एका बाईच्या हाताखालून आलेल्या स्कीला कुणी नख लावत नसे. ती बुर्गल. बाप्तिस्म्याचं नाव नोटबुर्गा, पण ते नाव बहुतेक तिच्या थडग्यावरच पहिल्यांदा वापरलं जाईल. तिने धार लावलेल्या स्कीच्या बाइंडिंगला, म्हणजे बूट अडकवायच्या खटक्याला, ती निळ्या दोऱ्याची एक गाठ मारते. ती गाठ दिसली की नख खिशात. तरीही लावलंच, तर तिच्या तोंडावर तिला खोटारडी म्हटल्यासारखं.

बुर्गल ठेंगणी आहे, मनगटं सुताराची, आवाज त्याहून जाड. बोटांच्या रेषांत लोखंडाची काळी पूड बसलेली, ती रविवारी चर्चमध्येही जात नाही. तिच्या शेजारी बसलं की मेणाचा वास येतो, आणि तो मेणबत्त्यांचा नसतो, स्कीला चोळायच्या मेणाचा असतो. लग्न केलं नाही. का केलं नाही, याच्या तीन गोष्टी गावात आहेत आणि तिन्ही मीच रचलेल्या आहेत. सगळ्यात चांगली गोष्ट पाववाल्याची. तो मागणी घालायला आला तेव्हा हिने त्याचे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "दाब नाही." एकदा तिने मला विचारलं, हे मी खरंच म्हणाले होते का? मी म्हटलं, नसशील म्हणाली तर म्हणायला हवं होतंस.

तिचा बाप गाड्यांची चाकं आणि अॅश लाकडाच्या स्की करायचा. त्याने मुलाला स्की दिल्या आणि मुलीला कानस दिली. मुलगा रोमेड, बुर्गलपेक्षा चार वर्षांनी मोठा. गावची शर्यत त्याने अकरा वेळा जिंकली. चाळिशी आली, जिंकणं थांबलं, तेव्हा गावच्या स्की मंडळाने त्याला वाटाड्या केलं. शर्यतीच्या दिवशी पहिल्या स्पर्धकाच्या आधी एक जण एकटाच उतरतो, काठ्या नीट रोवल्यात का आणि बर्फ धरतोय का हे बघायला. त्याची वेळ कुणी मोजत नाही. त्याच्या बंडीवर नंबर नसतो, एक अक्षर असतं. पण त्या वेळी उतारावर दुसरं कुणी नसतं आणि सगळं गाव खाली उभं असतं. रोमेडने ती बंडी सव्वीस वर्षं घातली. बाकीचं वर्षभर तो छपरं बांधायचा आणि कुणाशी फारसा बोलायचा नाही. मार्चच्या पहिल्या रविवारी, शर्यतीच्या दिवशी, तो उतारावर पन्नास सेकंद बोलायचा, आणि गावाला ते पुरत असे.

मी गीडी. एकतीस वर्षं खुर्ची-लिफ्टच्या वरच्या टोकाला, हातात फावडं घेऊन. खुर्चीतून उतरताना पडणाऱ्यांना बाजूला ओढायचं आणि पुढच्यासाठी बर्फ सपाट करायचा. माझ्या खोपटाच्या खिडकीतून शर्यतीचा अख्खा उतार दिसतो, पाद्र्याचा उतार. जुना एक पाद्री तिथून बसल्या बसल्या खाली आला होता म्हणून ते नाव. माझ्याइतकं या गावात कुणी पाहिलेलं नाही आणि माझ्याइतकं कुणी सांगितलेलंही नाही. पुढचं कळायला हे लक्षात ठेवा.

चौसष्टाव्या वर्षी रोमेडचा डावा खुबा बदलला. डॉक्टरांनी सांगितलं, दुपारच्या मऊ बर्फावर हळूहळू फिरा, पण पडायचं नाही. तो सगळं ऐकून घेऊन आला आणि मार्चमध्ये बंडी घालून वर आला. त्या वर्षी उतार काचेसारखा होता. शर्यतीसाठी आम्ही तो संध्याकाळी यंत्राने दाबतो, वर पाणी मारतो आणि थंडीवर सोडून देतो. सकाळी त्यावर फावडं मारलं तर हातात झिणझिण्या येतात. रोमेडच्या स्की जुन्या, लांब, सरळ. तिसऱ्या काठीपाशी उतार एकदम खाली वाकतो. तिथे त्या थडथडल्या, बाजूला निसटल्या, आणि रोमेड सगळ्या गावासमोर खाली बसला. लागलं काही नाही. पण कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसलो.

मंडळाचा अध्यक्ष वेंडेलिन त्याच्याकडे गेला आणि फार गोड बोलला. वेंडेलिन गोड बोलला की समजावं, काहीतरी काढून घेतोय. पुढच्या वर्षी बघू म्हणाला, तुझी शेवटची संधी म्हणू. परत असं झालं तर बंडी कुणा तरुणाला देऊ, तुलाही जरा आराम.

रोमेड वर्षभर त्यावर काही बोलला नाही. जानेवारीत नव्या स्की घेऊन आला. लाल-काळ्या, कमरेत बारीक, पुढे-मागे रुंद, लाकडाच्या गाभ्याच्या वर-खाली धातूचे पत्रे. अस्सल शर्यतीच्या नव्हेत; शर्यतीच्या स्कीची धाकटी बहीण म्हणा, त्याच घरात वाढलेली, पण चारचौघांत नेता येईल अशी. मी त्याला म्हटलं, या वयात लाल? तो म्हणाला, "पाय माझा म्हातारा आहे. त्या कशाला म्हाताऱ्या हव्यात?"

बुर्गलने त्या दोन तास घासल्या. पाहुण्यांच्या स्कीला ती तेव्हा कधीच पूर्ण धार ठेवत नसे. वय विचारायची, वर्षातून किती दिवस उतरता ते विचारायची, बूट बघायची आणि मग टोकाकडची नि शेपटाकडची वीतभर कड रबरी दगडाने मारून टाकायची, म्हणजे स्की चुकून अडकत नाही. गावच्या माणसाला तसं करणं हा अपमान. भावाला तिने टोकापासून शेपटापर्यंत धार ठेवली, सत्त्याऐंशी अंशांच्या तीक्ष्ण कोनावर, आणि निळी गाठ मारली.

त्यानंतर शर्यतीच्या आठवड्यात तीन सकाळी, लिफ्ट सुरू होताच पहिल्या खुर्चीतून रोमेड वर येत राहिला. सकाळचा, रात्री गोठलेला असा कडक बर्फ बहुतेकांना नको असतो. पण ही स्की त्या बर्फासाठीच जन्मलेली. कडेवर टाकली की घसरत नाही, कापते. स्वतःच्या कमरेच्या वळणाप्रमाणे स्वतःच वळते, आणि वळण संपताना खालून असा धक्का देते की माणूस दुसऱ्या वळणात आपोआप फेकला जातो. मागे बर्फ उडत नाही, फक्त दोन रेघा उरतात, पेन्सिलीने काढल्यासारख्या. आवाज येतो तो जाड कापड फाडल्यासारखा, एकसलग. ती एकच गोष्ट मागते, वजन पुढे ठेव आणि विश्वास ठेव. जितका झुकशील तितकी ती धरते. भीतभीत उभं राहिलं की तीच तुला ओढून नेते.

पहिल्या सकाळी रोमेडने अर्ध्याच ताकदीने वळणं घेतली. दुसऱ्या सकाळी तो झुकला. तिसऱ्या सकाळी त्याचा हातमोजा बर्फाला टेकत होता. नवा खुबा घेऊन पासष्टीचा हा माणूस पंचविशीतल्यासारखा आडवा होऊन वळत होता. वर आला तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, थंडीचं असेल. म्हणाला, "गीडी, ही धरते रे." त्याच्या आयुष्यातलं ते माझ्याशी झालेलं सगळ्यात लांब बोलणं असावं.

त्याच दिवशी शेवटच्या उतरणीत तो क्षणभर मागे बसला. स्कीने त्याला उचललं आणि वळणाबाहेर, उताराच्या कडेला बांधलेल्या जाळीच्या दिशेने पळवलं. त्याने सावरलं, थांबला, मान हलवली, हसला. जाळीचा खांब दहा मीटर लांब होता. मी खिडकीतून नीट पाहिलं होतं. दहा मीटर.

दुसऱ्या दिवशी पावाच्या दुकानात रांग होती, सहा बायका, आणि त्यांत रोमेडची बायको मेना. सहा बायकांची रांग समोर असताना गप्प बसणारा माणूस मी नाही. म्हटलं, "मेना, काळ्या कपड्यांना इस्त्री करून ठेव. काल तुझा नवरा जाळीच्या खांबाला मिठी मारणार होता. एवढं राहिलं होतं." आणि हात पुढे करून दाखवला. दहा मीटरचा मी एक हात केला. बायका हसल्या. मेना हसली नाही. पाव घ्यायचा विसरून निघून गेली, आणि मी तेही पुढच्या गिऱ्हाइकाला रंगवून सांगितलं.

मेना आमच्यातली नाही. खालच्या खोऱ्यातल्या हाल गावची. चाळीस वर्षं इथे राहून कधी स्कीवर उभी राहिली नाही. तिला एवढंच माहीत की नवरा लाकडासारखा कडक बर्फ शोधत जातो आणि ती खिडकीत बसते. त्यानंतर काय झालं ते मला नंतर बुर्गलनेच सांगितलं.

शर्यतीच्या आदल्या दुपारी मेना फडक्याखाली आलुबुखाराचा केक घेऊन बुर्गलच्या कामाच्या खोलीत आली. नणंद-भावजयीचं तसं बरं होतं. चाळीस वर्षांत भांडण झालं नाही, कारण बोलणंही फार झालं नाही. शर्यतीसाठी परत घासायला आलेल्या लाल स्की बाकावर तयार होत्या. मेनाने केक ठेवला आणि म्हणाली, "या स्कींचे दात काढ."

बुर्गलने समजावलं. अशा बर्फावर बोथट स्की धरत नाही, निसटते.

"निसटू दे," मेना म्हणाली. "मागच्या वर्षी निसटली. बसला. लोक हसले. घरी येऊन दोन वाट्या सूप प्यायला. या वर्षीही तसंच होऊ दे. बंडी जाऊ दे एकदाची. बंडीला मी काय करू?"

बुर्गल बराच वेळ हात पुसत राहिली. तिला त्याची बंडी माहीत होती, आणि त्याचा खुबाही माहीत होता. मेना म्हणाली, "तुझा भाऊ आहे, कबूल. पण परत यायचं असतं ते माझ्याकडे." मग बुर्गलने रबरी दगड उचलला आणि चारही कडांवरून टोकापासून शेपटापर्यंत फिरवला. मेना बघत होती म्हणून बारीक कानस कडेवर आडवी टेकवून एकदा ओढली. एकदाच. दोन तासांचं काम एका श्वासात गेलं. तिने हिशेब असा केला होता की पहिल्याच काठीला त्याला कळेल, तो जपून उतरेल, फार तर बसेल, बंडी जाईल आणि माणूस राहील. निळी गाठ सोडायची तिच्या लक्षात आलं नाही. की आलं होतं, आणि सोडली असती तर त्याने विचारलं असतं म्हणून ठेवली, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळं गाव खाली जमलं. वाऱ्याने वरच्या टोकावर ओंजळ-ओंजळ ताजा बर्फ आणून टाकला होता. तिथे बोथट स्कीही धरते. शर्यतीच्या सकाळी उतारावर आधी कुणाला सोडत नाहीत, वाटाड्यालाही नाही. रोमेड खुर्चीतून उतरला आणि माझ्या खिडकीखाली थांबला. बंडी स्वच्छ धुतलेली, इस्त्रीची घडी छातीवर. मी म्हटलं, मेनाने इस्त्री केली वाटतं. तो म्हणाला, हो, आज तिने स्वतः बांधली. त्याला त्याचं नवल वाटलं होतं आणि बरंही.

स्की त्याने क्षणभर माझ्या फावड्याशेजारी टेकवल्या, बुटांच्या कळा आवळायला. माझा अंगठा गेलाच. कडेपासून बोटभर अंतरावर होता. मग निळी गाठ दिसली आणि मी हात मागे घेतला. त्यानेही नख लावलं नाही. बहिणीच्या हाताला कुठला भाऊ नख लावेल?

म्हणाला, "बघ आज. दोन रेघा. तिसरी दिसली तर ही बंडी तू घाल."

"मला पोटावर बसायची नाही," मी म्हटलं. तो हसला आणि गेला.

पहिली काठी वाऱ्याच्या बर्फातच होती. दुसरीही जवळजवळ. दोन्हीकडे रेघा उमटल्या, फार बारीक नव्हत्या, पण त्याला मागे बघायचं नव्हतं. तिसऱ्या काठीपाशी वारा काही शिल्लक ठेवत नाही. तिथे उतार निळसर दिसतो. जुन्या स्कीवर असता तर तो तिथे घाबरून उभा राहिला असता आणि बसला असता, बुर्गलचा हिशेब तिथपर्यंत बरोबर होता. पण त्या तीन सकाळी तिने हिशेबात धरल्या नव्हत्या. जितका झुकशील तितकी ती धरते, हे त्याच्या अंगाने शिकून घेतलं होतं. तो पूर्ण झुकला. हातमोजा बर्फाला टेकेपर्यंत झुकला, आणि ज्या गोष्टीवर झुकला होता ती तिथे नव्हती.

कापड फाडल्याचा आवाज आलाच नाही. डाव्या खुब्यावर आपटून तो खाली निघाला, ताटावरून ओघळणाऱ्या थेंबासारखा, काठ्या पाडत. जाळीच्या खांबापाशी थांबला. पावाच्या दुकानात ज्याला मी एक हात जवळ आणला होता, त्याच खांबापाशी.

खाली कुणी हसलं नाही.

लोक त्याला स्लेजवर बांधून नेत असताना स्की गोळा करायला मी गेलो. एक तिसऱ्या काठीजवळ होती, एक जाळीत. जाळीतली उचलली आणि तिथेच उभा राहून तिच्या कडेवर नख ओढलं. शेपटाकडे ओढलं, मधोमध ओढलं, टोकाकडे ओढलं. नख कोरडं राहिलं. कड गुळगुळीत, सुरीच्या पाठीसारखी. वेंडेलिन येऊन म्हणाला, मी सांगत होतो, फार धारदार स्की होत्या म्हाताऱ्याला. मी मान हलवली.

चौथ्या दिवशी मी आणि बुर्गल इन्सब्रुकच्या इस्पितळात गेलो. खुब्याचा नवा सांधा निखळला होता, भोवतीचं जुनं हाड फुटलं होतं. छातीत काहीतरी साचत होतं. मेना पायांशी बसली होती. रोमेड शुद्धीवर होता. त्याने बुर्गलकडे बघितलं आणि म्हणाला, "मी मागे बसलो असेन."

बुर्गलने त्याच्या पांघरुणाची कड सारखी केली.

"स्की काय करणार? धार तुझी होती. पाय माझा होता." मग म्हणाला, "वेंडेलिन बरोबर बोलत होता. सोडायलाच हवं होतं."

मी बुर्गलच्या हाताकडे बघत होतो. ती अंगठ्याने बोटाच्या टोकावरची काळी पूड घासत होती, निघत नाही माहीत असून. तिला एक वाक्य बोलायचं होतं. पाय तुझा नव्हता चुकला, एवढंच. समोर मेना होती. मलाही एक वाक्य येत होतं. मला तर नेहमीच येतं. आम्ही तिघं त्या माणसाभोवती बसलो होतो आणि त्याला त्याचा पाय कुणीही परत दिला नाही. नवव्या दिवशी तो गेला.

अंत्ययात्रेला मंडळाचे लाल कोट, बॅन्ड, सगळं होतं. कबरीपाशी मेनाने बुर्गलला जवळ घेतलं, आणि मी मागे होतो, कान नेहमीसारखे उघडे. मेना म्हणाली, "तू माझं ऐकलंस म्हणून नऊ दिवस तरी मिळाले. दात असते तर जागीच गेला असता." बुर्गलने तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिथे मला कळलं की त्या धारेचं काय झालं होतं, आणि कशामुळे.

मंडळाने ठरवलं की लाल स्की मंडळाच्या खोलीत, दारूच्या फळीवर टांगायच्या. बुर्गल म्हणाली, टांगण्याआधी माझ्याकडे द्या. मीच घेऊन गेलो. तिने बाकावर स्की आवळली, कानस पुसली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "नख लावलंस ना तू?"

"लावलं."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"तू?" ती म्हणाली. "तुला पोट कसं नाही दुखलं?"

तेव्हा मी तिला पावाच्या दुकानाची गोष्ट सांगितली. सहा बायका, पुढे केलेला हात, दहा मीटर. माझ्या आयुष्यातली ती एकच गोष्ट मी जशी घडली तशी सांगितली. तिने ऐकून घेतली आणि कडेवर कानस ठेवली. त्यानंतर दोन तास ती घासत राहिली.

या गोष्टीला सात वर्षं झाली. मेना अजून रविवारी बुर्गलला जेवायला बोलावते. वाटाड्याची बंडी वेंडेलिनची सून घालते, बरी उतरते. पाहुण्यांना बुर्गल आता वय विचारत नाही. सगळ्यांना टोकापासून शेपटापर्यंत धार ठेवते. दोन पाहुण्यांनी तक्रार केली, तरी ऐकत नाही. गाव म्हणतं, म्हातारी हट्टी झाली. आणि दरवर्षी शर्यतीच्या आदल्या दुपारी ती फळीवरून लाल स्की उतरवून नेते. लोकांना वाटतं, भावाची आठवण. त्या दुपारी मला तिच्याकडे जावं लागतं. बोलावणं नसतं, पण जावं लागतं.

या वर्षी गेलो तर कड इतकी झिजलेली की पोलादाची पट्टी दोऱ्याएवढी उरली होती. मी म्हटलं, बुर्गल, आता घासायला काही राहिलेलं नाही. पुढच्या वर्षी लाकूड लागेल.

"दोन वर्षं जाईल," ती म्हणाली. हिऱ्याची पट्टी पाण्यात बुडवून तिने शेवटचा हात फिरवला, कड फडक्याने पुसली आणि स्की माझ्यापुढे आडवी धरली. "लाव."

मी नख ओढलं. पांढरा कीस निघाला, बारीक, वळलेला, आणि काळ्या जमिनीवर पडला. तिने वाकून तो बघितला. मग स्की परत बाकावर आवळली आणि कानस उचलली.